यादीतला कुत्रा आणि दारातला कुत्रा

फेब्रुवारी २०१८ मधली गोष्ट. वरळीतील एका इमारतीत एक गृहस्थ आपल्या लहान मुलाला घेऊन लिफ्टने निघाले होते. मधल्या एका मजल्यावर लिफ्ट थांबली. दारात शेजारी, सोबत त्याचा हस्की. ‘मूल कुत्र्याला घाबरते, जरा थांबा,’ असे त्यांनी विनवले. शेजाऱ्याने ऐकले नाही. कुत्र्याला ओढत आत घेतले आणि तो त्या गृहस्थांच्या हाताला चावला. या प्रकरणाचा निकाल मे २०२५ मध्ये लागला आणि मुंबईतील न्यायालयाने मालकाला चार महिन्यांच्या कैदेची शिक्षा सुनावली. ज्या निर्दयपणे त्याने आपल्याच कुत्र्याला लिफ्टमध्ये ओढले, त्याचीही न्यायालयाने नोंद घेतली.

कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण लक्षात ठेवावे, असे मला वाटते. हस्की ही जात कोणी धोकादायक समजत नाही. केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवून २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितले होते. त्या यादीत पिटबुल, रॉटवायलर, डोगो अर्जेंटिनो, तोसा इनू, केन कोर्सो अशी नावे होती, हस्की नव्हता. जर्मन शेफर्डही नव्हता. पण जानेवारी २०२३ मध्ये हैदराबादेत एक तरुण जेवणाचे पार्सल पोचवायला गेला असता घरातला जर्मन शेफर्ड त्याच्या अंगावर धावून आला. जीव वाचवण्यासाठी त्याने तिसऱ्या मजल्यावरून उडी मारली आणि पुढे त्यात त्याचा मृत्यू झाला. दार उघडताना कुत्रा बांधलेला असता, तर तो पोरगा आज जिवंत असता.

केंद्राचे ते पत्र महिन्याभरातच कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केले, कारण संबंधितांशी पुरेशी चर्चा न करताच ते काढले होते. तरी लोकांच्या मनातली यादी काही रद्द झाली नाही. ‘आमचा लॅब्राडोर आहे हो, तो काही करत नाही,’ हे वाक्य त्याच यादीतून येते. जातीला काहीच महत्त्व नाही, असे मी म्हणणार नाही. चाळीस-पन्नास किलोच्या, रुंद जबड्याच्या रॉटवायलरने धरले तर मांस निघते. पोमेरेनियनने धरले तर दोन दातांच्या खुणा उठतात. म्हणजे जखम किती खोल होणार, हे जातीवर ठरते. पण चावण्याची वेळ येणार की नाही, ते पट्टा धरणारा ठरवतो. गोव्यात हणजुणे येथे २०२४ साली पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला, तेव्हा या दोन्ही गोष्टी एकदमच उघड्या पडल्या. अंगाने ताकदवान जात पाळायची असेल तर दुप्पट काळजी घ्या, आणि तेवढी घ्यायची तयारी नसेल तर ती जात आणू नका.

आता कायदा काय सांगतो ते पाहू, कारण बहुतेक मालकांना तो ठाऊकच नसतो. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ सांगते की आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असेल, तर ती टाळण्याची पुरेशी काळजी घेणे ही मालकाची जबाबदारी आहे. ती घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पूर्वीच्या दंड विधानात हेच कलम २८९ होते आणि दंड एक हजारापर्यंत होता. हा गुन्हा दखलपात्र आहे. दुसरे असे की चावा झालाच पाहिजे, अशी अट कलमात नाही. धोका संभवत होता आणि काळजी घेतली नाही, एवढे पुरते. मुंबईत नेपियन सी रोडवर २०१० साली दोन माणसांचा गाडीजवळ वाद चालला असताना गाडीतला रॉटवायलर बाहेर आला आणि वृद्ध तक्रारदाराला चावला. जानेवारी २०२३ मध्ये मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली. बारा वर्षांहून अधिक काळ खटला चालला. ‘कुत्र्याने केले, मी काय करणार’ हा बचाव न्यायालयात टिकत नाही.

स्थानिक पातळीवर सगळ्यात आधी करायची गोष्ट म्हणजे परवाना. मुंबईत महापालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात कुत्र्याच्या परवान्याची तरतूद आहे. पुण्यासह राज्यातल्या इतर मोठ्या महापालिकाही तो देतात. लागते काय, तर रेबीज लसीचे प्रमाणपत्र, कुत्र्याचा फोटो, मालकाचा ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा. बऱ्याच ठिकाणी अर्ज ऑनलाइन करता येतो, नाहीतर वॉर्ड ऑफिसात किंवा क्षेत्रीय कार्यालयात आरोग्य विभागाकडे चौकशी करा. परवाना एकदा काढून भागत नाही, मुदत संपली की नूतनीकरण करावे लागते. फी बहुतेक ठिकाणी कुत्र्याच्या खाद्याच्या एका मोठ्या पिशवीइतकीही नसते. तरीही परवाना काढणारे थोडेच, याचे मला वाईट वाटते. परवान्याची नोंद असली तर हरवलेला कुत्रा परत मिळायला मदत होते, चावा झाल्यास लसीचा पुरावा हाताशी असतो, आणि आपल्या हद्दीत पाळीव कुत्री किती, याचा पालिकेलाही अंदाज येतो. गळ्यात बिल्ला आणि त्यावर तुमचा फोन नंबर असू द्या. मायक्रोचिप बसवून घेतली तर आणखी चांगले.

केंद्राच्या २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार पाळीव प्राण्याचे लसीकरण, जंतनाशक औषध आणि निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी आहे. भटक्या कुत्र्यांचे काम पालिकेचे. त्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिलेले आदेश आणि त्यावरचा वाद हा वेगळा विषय आहे, इथे त्यात शिरत नाही. मात्र एक धागा दोन्हींना जोडतो. रस्त्यावर सोडून दिलेले लॅब्राडोर, पग, हस्की आता जागोजागी दिसतात. घर बदलले, बाळ झाले, परदेशी जायचे ठरले की कुत्रा गाडीत घालून फार्महाउसच्या रस्त्याला सोडून येणारे लोक आहेत. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! या आकड्याची लाज आपल्या सगळ्यांना वाटली पाहिजे.

कुत्रा आणताना २०१७ चे पैदास आणि विक्रीविषयीचे नियम माहीत असू द्या. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. कान किंवा शेपूट कापलेले पिल्लू ऐटदार दिसते म्हणून घेऊ नका. ते कापणे बेकायदा आहे. आईपासून फार लवकर तोडलेल्या पिल्लाला खेळताना दात किती लावायचा, हे कळत नाही, कारण ते शिक्षण त्याला भावंडांत आणि आईकडूनच मिळते. पिल्लाच्या वयाचे पहिले काही आठवडे फार मोलाचे असतात. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाने जे पाहिले, ऐकले, हुंगले ते त्याला पुढे आयुष्यभर ओळखीचे वाटते. छत्री घेतलेला माणूस, काठी टेकत येणारे आजोबा, हेल्मेट घातलेला पोरगा, रिक्षा, कुकरची शिट्टी. लसीचे डोस पूर्ण होईपर्यंत खाली ठेवायचे नसेल तर कडेवर घेऊन फिरवा, पण दाखवा.

आता साखळीविषयी जरा सविस्तर बोलतो. माझ्या मते आपल्याकडच्या धोकादायक कुत्र्यांचा मोठा कारखाना तोच आहे. बंगल्याच्या फाटकाशी, शेतातल्या घरापुढे, वर्कशॉपच्या आवारात आखूड साखळीने बांधलेला कुत्रा दिवसभर तिथेच राहतो, तिथेच खातो आणि तिथेच घाण करतो. माणसे जवळून जातात, पण त्याला कोणाजवळ जाता येत नाही आणि कोणापासून दूर पळताही येत नाही. पळायची वाट बंद झालेल्या जनावराकडे एकच उपाय उरतो, आणि तो त्याच्या दातांत असतो. कुत्रा ‘कडक’ व्हावा म्हणून त्याला अंधारात कोंडणारे, मिरची चारणारे, काठीने डिवचणारे महाभागही आहेत. असा कुत्रा चोर आणि दूधवाला यांत फरक करत नाही. एखाद्या दिवशी साखळीची कडी तुटते आणि शेजारचे मूल सापडते. कुत्र्याला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने बराच काळ बांधणे, आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला हिंडवून न आणणे, या दोन्ही गोष्टी १९६० च्या त्याच अधिनियमात क्रूरता म्हणून नमूद आहेत. राखणीसाठी कुत्रा हवा असेल तर कुंपण पक्के करा, त्याला आवारात मोकळा ठेवा, फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी लावा, आणि सकाळ-संध्याकाळ त्याला घेऊन फिरा. घरच्या माणसांत राहणारा कुत्रा परक्याची चाहूल लागताच भुंकतो; राखणीला तेवढे पुष्कळ झाले.

शहरात अपघाताची जागा म्हणजे दार. बेल वाजली की कुत्रा सुसाट दाराकडे धावतो आणि आपणही दार उघडूनच त्याला आवरायला जातो. क्रम उलटा करा. बेल वाजली की आधी कुत्रा खोलीत घ्या किंवा पट्टा लावा, मगच दार उघडा. घरकामाच्या ताई, गॅसचे सिलिंडर आणणारा, कुरिअरवाला, पार्सल पोचवणारी मुले ही आपल्या दारी कामासाठी येणारी माणसे. कुत्र्याची भीती वाटते म्हणून ती काम नाकारू शकत नाहीत, आणि चावा झाला तर त्यांचा रोज बुडतो. ‘तो फक्त वास घेतो’ असे म्हणून त्यांना उभे करून ठेवणे हा अन्याय आहे. पार्सल मागवताना सूचनेच्या रकान्यात ‘घरात कुत्रा आहे, दारात थांबून फोन करा’ एवढे लिहिले तरी पुष्कळ धोका टळतो.

लिफ्टमध्ये आत कोणी असेल तर आधी विचारा, आणि नको म्हटले तर पुढच्या फेरीची वाट पाहा. आत गेल्यावर कुत्रा कोपऱ्यात, मध्ये तुम्ही, पट्टा आखूड आणि हातात. लांब होत जाणारा दोरीचा पट्टा लिफ्टमध्ये, जिन्यात आणि गर्दीत उपयोगाचा नाही. मोठ्या कुत्र्याला घेऊन जाणारा माणूसही त्याला आवरू शकणारा असावा. बारा वर्षांच्या मुलाच्या हाती चाळीस किलोचे जनावर देऊन खाली पाठवू नका. मझलविषयी, म्हणजे तोंडावर बांधायच्या मुसक्याविषयी, मालकांच्या मनात अढी असते. तोंड उघडून धापा टाकता येतील, पाणी पिता येईल असा जाळीदार मझल निवडला आणि लहानपणापासून खाऊ देत सवय लावली, तर कुत्रा तो कुरकुर न करता घालतो. एकदा चावलेल्या किंवा अनोळखी माणसांवर धावून जाणाऱ्या कुत्र्याला बाहेर नेताना मझल हवाच.

मुले आणि कुत्रा हा विषय नाजूक आहे. घरात मुलांना होणारे चावे बहुधा ओळखीच्या, लाडक्या कुत्र्यांचेच असतात. जेवणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, मिठी मारायची नाही, शेपूट ओढायची नाही, हे मुलाला शिकवा. पण शिकवले म्हणून खोलीत दोघांना एकटे सोडू नका. लहान मूल आणि कुत्रा यांच्यासोबत कोणीतरी मोठे माणूस हवेच. कुत्रा चावण्याआधी बहुतेक वेळा सांगतो. अंग ताठ करतो, नजर वळवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो, झोप नसताना जांभया देतो, ओठ चाटतो, शेवटी गुरगुरतो. गुरगुरण्याबद्दल त्याला मारू नका. मार खाऊन तो गुरगुरणे सोडतो आणि पुढच्या वेळी न सांगताच चावतो. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश आहे, हाही समज सोडून द्या; ताठ उभारून भराभर हलणारी शेपूट इशारा असू शकते.

आपल्या सणांचा हिशेबही धरायला हवा. दिवाळीचे फटाके, विसर्जन मिरवणुकीतले ढोल-ताशे आणि डीजे यांनी बिथरलेला शांत कुत्राही पट्ट्यातून निसटतो आणि भीतीपोटी चावतो. त्या दिवशी फिरवणे पहाटेच उरका, खिडक्या लावून आतल्या खोलीत ठेवा, आणि गळपट्ट्याखाली दोन बोटे जातील एवढाच सैलपणा आहे ना, ते तपासा. फारच घाबरणारा कुत्रा असेल तर पशुवैद्यांना आधी भेटून औषध विचारून घ्या. मनाने गोळी देऊ नका.

सोसायटीतल्या भांडणांविषयी थोडक्यात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट नाकारता येत नाही. त्याच सूचनांत मालकांनाही बजावले आहे की इतरांना त्रास होऊ देऊ नका, बाहेर पट्टा लावा, विष्ठा उचला. मालक पहिला भाग सांगतात आणि समिती दुसरा. दोन्ही भाग सूचनाफलकावर शेजारी शेजारी लावा, बरेच वाद तिथेच मिटतील.

तरीही चावा झाला तर काय? आधी जखम. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पुरती पंधरा मिनिटे धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, तपकीर काहीही भरायचे नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जायचे. सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत रेबीजची लस मोफत मिळते. दंडात घ्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, त्वचेत घ्यायची असेल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. मधला डोस चुकवायचा नाही. रक्त आले असेल तर लसीसोबत जखमेत आणि जखमेभोवती रेबीजविरोधी इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते. ते दिले का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. धनुर्वाताचे इंजेक्शनही घ्या. ‘घरचाच कुत्रा आहे, लस दिलेली आहे’ म्हणून थांबू नका. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

मालकाचे कर्तव्य इथून सुरू होते. चावा झालेल्याला स्वतः रुग्णालयात न्या, कुत्र्याच्या लसीचे प्रमाणपत्र हातात द्या, खर्च उचला. कुत्र्याला दहा दिवस घरात बंद ठेवून पाहायचे असते. तो जिवंत आणि धडधाकट राहिला तर डॉक्टरांना पुढचा निर्णय घेता येतो. मात्र दहा दिवस वाट पाहून मग लस, असे नाही. लस लगेच सुरू होते. बदनामीच्या भीतीने कुत्र्याला गावी पाठवणे किंवा कोणाला देऊन टाकणे म्हणजे जखमी माणसाच्या जिवाशी खेळ आहे. काही विमा कंपन्यांच्या पाळीव कुत्र्याच्या पॉलिसीत तिऱ्हाइताला झालेल्या इजेची भरपाई मिळते. मोठ्या जातीचा कुत्रा असेल तर त्याची चौकशी करून ठेवा.

शेजारचा कुत्रा धोकादायक वाटत असेल तर तारीख, वेळ, काय घडले याची नोंद ठेवा, सीसीटीव्हीचे चित्रण मागा. आधी मालकाला लेखी कळवा, प्रत सोसायटीला द्या. मग वॉर्ड ऑफिसच्या आरोग्य विभागाकडे परवाना आणि लस तपासण्याची लेखी मागणी करा आणि पोच घ्या. चावा झाला असेल तर पोलिसांत कलम २९१ चा उल्लेख करून तक्रार द्या. ते अदखलपात्र नोंद करू लागले तर हा गुन्हा दखलपात्र आहे, हे नम्रपणे पण ठामपणे सांगा. रागाच्या भरात विषप्रयोग करू नका. कोणत्याही प्राण्याला विष घालून मारणे हा कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि त्या बिचाऱ्याचा दोषही नसतो.

पालिकांकडून काय मागायचे, तेही स्पष्ट असू द्या. त्यासाठी आधी परदेशातला अनुभव पाहू. इंग्लंडमध्ये १९९१ च्या कायद्याने चार प्रकारच्या कुत्र्यांवर बंदी आली, २०२३ अखेरीस एक्सएल बुली त्यात आला. यादी वाढली तरी चावे थांबले नाहीत. त्याच कायद्यातला आवाक्याबाहेर गेलेल्या कोणत्याही कुत्र्याच्या मालकाला जबाबदार धरणारा भाग मला जास्त उपयोगी वाटतो. कॅनडातील कॅल्गरी शहराने जातीवर बंदी घातलीच नाही. परवाना काटेकोर केला आणि ज्या कुत्र्याचे वागणे धोकादायक, त्याच्यावर वेगळ्या अटी घातल्या. आपल्या महापालिकांनी हाच मार्ग धरावा. लसीकरण शिबिरातच परवाना द्यावा, खासगी दवाखान्यांत अर्ज ठेवावेत, चाव्याच्या प्रत्येक तक्रारीत कुत्र्याची पाहणी करून त्या कुत्र्यापुरता मझल, कुंपण, निर्बीजीकरण असा लेखी आदेश द्यावा. नियमांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी येतो तेव्हा दोन ओळी तरी लिहून पाठवा, नगरसेवकांना भेटा.

२८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो आणि त्या सुमारास बऱ्याच ठिकाणी लसीकरणाची शिबिरे भरतात. पण तुमच्या कुत्र्याच्या लसीची तारीख त्याआधीच उलटली असेल, तर तोवर थांबू नका. कपाटातली त्याची लसीची वही आज काढून पाहा, आणि परवाना नसेल तर या आठवड्यात अर्ज करा.